विघटनशील पॉलिमरचे नॅनोकण कर्करोगाच्या गाठीपर्यंत किती पोहोचतात आणि अंगात किती काळ उरतात

फोंड्याची एक विद्यार्थिनी एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असून, पीएलजीए या विघटनशील पॉलिमरच्या नॅनोकणांत पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध भरणे हा विषय तिने प्रकल्पासाठी घेतला आहे. तिच्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला आहे आणि बांबोळीच्या रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी हेच औषध सलाईनमधून दिले जाते. तिने घरी आपला प्रकल्प समजावून सांगितला तेव्हा आत्याने तिला तीन गोष्टी विचारल्या. औषध नेमके गाठीतच नेता येते तर माझे केस का गेले? मला तसले औषध का देत नाहीत? आणि ते प्लास्टिक अंगातच राहिले तर काय? उत्तर देता आले नाही म्हणून तिने हे प्रश्न माझ्याकडे पाठवले आहेत, आणि प्रकल्पात कशाकडे लक्ष द्यावे हेही विचारले आहे.

तुमच्या आत्याबाईंनी विचारलेले तिन्ही प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारे आहेत. गोव्यातील औषधनिर्मितीत पॉलिमरवर आधारलेल्या इंजेक्शनांचे काम मी सत्तावीस वर्षे केले, आणि एवढ्या काळानंतरही हेच तीन प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. मी शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो नीट समजला की पहिले दोन बरेच सोपे होतात.

पीएलजीए हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पॉलिएस्टरच आहे, त्यामुळे आत्याबाईंनी त्याला प्लास्टिक म्हटले यात चूक नाही. परंतु त्याची साखळी लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल अशा दोन साध्या दुव्यांची असते. दह्याला आंबटपणा देणारे ते लॅक्टिक आम्ल, आणि ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसातही सापडते. या दुव्यांना जोडणारा एस्टर बंध पाण्याच्या संपर्कात हळूहळू तुटतो. त्यासाठी विशेष विकराची गरज लागत नाही; शरीरातील पाणीच ते काम करते. सुटे झालेले दुवे पेशींच्या नेहमीच्या चयापचयात शिरतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन बाहेर पडतात. शस्त्रक्रियेत घालतात ते आपोआप विरघळणारे टाके याच कुळातील धाग्यांचे असतात आणि १९७० च्या दशकापासून जगभर वापरात आहेत. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ल्युप्रोलाइड हे औषध पीएलजीएच्या सूक्ष्मगोलांत भरून महिन्यातून एकदा स्नायूत टोचण्याची पद्धत अमेरिकेत १९८९ साली मान्य झाली. त्यामुळे हा पदार्थ अंगात कायमचा राहत नाही, हे आत्याबाईंना निःशंक मनाने सांगा.

मात्र तो किती दिवसांत जातो, हे तुम्हाला स्वतःला नेमके माहीत असले पाहिजे. दोन्ही आम्ले निम्मी-निम्मी असलेला पीएलजीए साधारण एक ते दोन महिन्यांत विघटित होतो. लॅक्टिकचे प्रमाण ७५ टक्के केले की चार ते पाच महिने लागतात, कारण लॅक्टिकच्या दुव्यावर असलेला मिथाइल गट पाण्याला दूर ठेवतो. निव्वळ लॅक्टिकचे पॉलिमर वर्षभराहूनही अधिक टिकू शकते आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे दुसरे विघटनशील पॉलिमर दोन वर्षांच्या पुढे जाते. ग्लायकोलिक वाढवत गेले की वेग सतत वाढतच जाईल असा अंदाज विद्यार्थी नेहमी बांधतात. तो चुकीचा आहे. निव्वळ ग्लायकोलिकचे पॉलिमर स्फटिकमय असते, त्यात पाणी सहज शिरत नाही, म्हणून सर्वांत वेगवान निम्म्या-निम्म्याचेच ठरते. साखळीची लांबी आणि तिच्या टोकाशी मोकळा आम्ल गट आहे की एस्टरने झाकलेला, यांवरही वेग अवलंबून असतो. तुमच्या प्रबंधात पॉलिमरचे नाव लिहिताना आम्लांचे प्रमाण, साखळीची लांबी आणि टोकाचा गट या तीन गोष्टी दिल्या नाहीत, तर तो प्रयोग दुसऱ्या कोणालाही पुन्हा करता येणार नाही.

आता मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. या कामात दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. एक पॉलिमरच्या विघटनाचे, ते आठवड्यांत आणि महिन्यांत मोजायचे. दुसरे कण रक्तात किती वेळ फिरतो याचे, ते मिनिटांत आणि तासांत मोजायचे. उघडा पीएलजीए कण शिरेत सोडला की रक्तातील प्रथिने त्याला चिकटतात, यकृतातील आणि प्लीहेतील भक्षकपेशी त्याला परका म्हणून ओळखतात, आणि काही मिनिटांत बहुतेक कण रक्तातून नाहीसे होतात. पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे, म्हणजे आपण ज्याला पेग म्हणतो त्याचे, आवरण दिले तर कण तासन् तास फिरू शकतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील रॉबर्ट लँगर यांच्या गटाने १९९४ साली हे विघटनशील कणांवर दाखवून दिले. तरीही फिरण्याचा काळ तासांचाच राहतो. त्या तासांत पॉलिमरचे विघटन जेमतेम सुरू झालेले असते. मग औषध बाहेर कसे येते? ते झिरपून येते. पृष्ठभागाजवळचे औषध पहिल्या काही तासांतच सुटते, कारण शंभर-दीडशे नॅनोमीटरच्या कणात पृष्ठभागापासून फार दूर असे काही नसतेच. पॉलिमर विघटित होत जाईल तसतसे औषध गाठीत सुटत राहील, असे वाक्य मी कित्येक प्रस्तावांत वाचले आहे. महिनाभर एका जागी बसणाऱ्या सूक्ष्मगोलाला किंवा शस्त्रक्रियेच्या जागी ठेवलेल्या चकतीला ते लागू पडते. शिरेतून दिलेल्या नॅनोकणाला ते सहसा लागू पडत नाही.

मग विघटनशीलतेचा उपयोग काय? ती मागची आवराआवर करते. आत्याबाईंसारख्या रुग्णाला दर तीन आठवड्यांनी मात्रा द्यायची असेल आणि कण यकृतात चार-पाच महिने राहणार असेल, तर पहिल्या मात्रेचे अवशेष जाण्याआधी पुढच्या पाच ते सात मात्रांचे अवशेष त्यांच्यावर साचतील. पॉलिमर निवडताना तुम्ही औषध सुटण्याच्या आलेखाइतकेच या साचण्याकडे पाहा. मी स्वतः अशा कामासाठी कमी रेणुभाराचा, निम्म्या-निम्म्याचा, मोकळ्या आम्ल गटाचा पीएलजीए घेईन. मोठ्या तुकड्यांत आतले आम्ल बाहेर पडू न शकल्याने गाभा अधिक वेगाने विघटित होतो, हा परिणाम नॅनोकणांत फारसा नसतो, कारण आम्लाला बाहेर यायला अंतरच थोडे असते. म्हणून जाड फिल्मवर केलेल्या प्रयोगांतील काळ जशाचा तसा आपल्या कणांना लावू नका.

ही दोन घड्याळे जुळवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. पॅट्रिक कुव्रर या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिअल्काइल सायनोॲक्रिलेटचे नॅनोकण पुढे आणले; त्यांची पार्श्वसाखळी एस्टरेज विकरांमुळे तुटते आणि पॉलिमर बराच लवकर विरघळतो. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध भरलेले असे कण यकृताच्या कर्करोगात तिसऱ्या टप्प्यातील चाचणीपर्यंत पोहोचले, परंतु २०१७ साली त्या चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दुसरा मार्ग आम्लतेचा आहे. गाठीभोवतीच्या द्रवाचा सामू ६.५ ते ६.९ च्या आसपास असतो आणि पेशीने कण गिळल्यावर तो ज्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशवीत, जातो तेथे ५ च्याही खाली उतरतो. तेवढ्या आम्लात चटकन विरघळणारी पॉलिबीटा-अमिनो एस्टर ही पॉलिमर २००० सालापासून अभ्यासली जात आहेत. मला ही दिशा योग्य वाटते, विशेषतः लायसोसोममधील मोठ्या फरकावर भिस्त ठेवणारी. गाठीबाहेरच्या अर्ध्या-पाऊण एककाच्या फरकावर पॉलिमर विश्वासाने उघडेल अशी रचना करणे फार कठीण आहे.

आता गाठीपर्यंत पोहोचण्याविषयी. १९८६ साली जपानमधील कुमामोतो येथे यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी दाखवले की गाठीत घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असतात आणि निचरा करणाऱ्या लसिकावाहिन्या तेथे धड नसतात, त्यामुळे मोठे रेणू गाठीत झिरपतात आणि तेथेच अडकून राहतात. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे बहुतेक नॅनोऔषधशास्त्र या एका निरीक्षणावर उभे राहिले. निरीक्षण खरे आहे. त्याचा अर्थ मात्र गरजेपेक्षा मोठा केला गेला. ज्या निचऱ्याच्या अभावामुळे कण अडकून राहतो, त्याच अभावामुळे गाठीच्या आतला द्रव तुंबतो आणि दाब चढतो. आपल्याकडच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, मानसातून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) शेतातले पाणी नदीत सोडतात, पण भरती चढली की वाट असूनही पाणी बाहेर जात नाही, हे तुम्ही पाहिले असेल. रक्तवाहिनीच्या भिंतीला भोक असले तरी पलीकडचा दाब चढलेला असेल तर कण वाहून आत जात नाही. त्याला संथ गतीने विसरण पावतच शिरावे लागते, आणि तो जितका मोठा तितकी ही गती कमी.

टोरोंटोतील वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ साली मागील दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रसिद्ध प्रयोग एकत्र करून पाहिले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या भागाचे मध्यक ०.७ टक्के निघाले. म्हणजे १०० मिलिग्रॅम टोचले तर गाठीत एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. या आकड्याने पुष्कळ लोक निराश झाले. माझे मत थोडे वेगळे आहे. हा आकडा एकटा वाचू नये, कारण कणाविना दिलेल्या औषधाचाही अगदी थोडा अंशच गाठीत जातो. तुलना त्याच्याशी व्हायला हवी, आणि एका क्षणापुरती न करता संपूर्ण काळावर केली पाहिजे. पण उरलेले ९९ टक्के कोठे गेले हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. त्यातील मोठा वाटा यकृत आणि प्लीहा यांचा असतो. उंदीर आणि माणूस यांच्यातील अंतरही विसरू नका. वीस ग्रॅमच्या उंदराला अर्ध्या ग्रॅमची गाठ असणे प्रयोगात नेहमीचेच. त्याच प्रमाणात साठ किलोच्या माणसाला दीड किलोची गाठ हवी. उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते, तर माणसाची बहुधा वर्षानुवर्षे. तिच्या रक्तवाहिन्या तितक्या सच्छिद्र असतीलच असे नाही, आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक असतो.

तुमच्या प्रकल्पाच्या शीर्षकात ‘लक्ष्यवेधी’ हा शब्द आहे. कणावर फोलिक आम्ल, ट्रान्सफेरिन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन) किंवा हर-२ हे काही कर्कपेशींवरील प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड असा ओळखरेणू बसवला की कण गाठीकडे वळतो, अशी समजूत या शब्दामुळे होते. कणाला वळता येत नाही. तो रक्ताबरोबर सगळीकडे जातो, आणि योग्य पेशीला अगदी जवळून स्पर्श झाला तरच त्या ओळखरेणूचा उपयोग होतो. अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेतील मार्क डेव्हिस यांच्या गटाने २००७ साली हे फार स्वच्छपणे दाखवले: ट्रान्सफेरिन लावलेले आणि न लावलेले कण गाठीत जवळजवळ सारखेच पोहोचले, फरक पडला तो पेशींच्या आत शिरण्यात. पेशींच्या आत शिरणे ही काही लहान गोष्ट नव्हे, विशेषतः जी औषधे स्वतःहून पेशीपटल ओलांडू शकत नाहीत त्यांच्यासाठी. पण पॅक्लिटॅक्सेल स्वतःच पेशीपटल ओलांडते. मग त्याच्या कणावर महागडा ओळखरेणू बसवून काय साधणार, याचे उत्तर तुमच्याजवळ तयार हवे. २०१३ साली डब्लिनमधील संशोधकांनी सिलिकाच्या कणांवर दाखवले की रक्तरसातील प्रथिनांचा थर बसल्यावर ट्रान्सफेरिनची ओळखशक्ती लोपते. तेव्हा नुसत्या संवर्धन-द्रवात कण छान चिकटले म्हणून थांबू नका, रक्तरस घालून तोच प्रयोग पुन्हा करा. पॅक्लिटॅक्सेलच्याच कुळातील डोसिटॅक्सेल हे औषध भरलेले आणि प्रोस्टेटच्या पेशींवरील पीएसएमए हे प्रथिन ओळखणारे बाइंड-०१४ नावाचे पॉलिलॅक्टिक-पेग कण माणसांवरील दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. त्यामागचे शास्त्र उत्तम होते, माणसे उत्तम होती. तरीही अपेक्षित परिणाम दिसला नाही आणि २०१६ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

मग या सगळ्यातून रुग्णाला मिळाले काय? पॅक्लिटॅक्सेलच्याच गोष्टीत याचे उत्तर आहे. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते क्रेमोफोर या द्रवात आणि अल्कोहोलात विरघळवून देतात. क्रेमोफोर म्हणजे एरंडेल तेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून केलेला पदार्थ. त्याने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते, आणि म्हणूनच सलाईन लावण्याआधी स्टेरॉइड व ॲलर्जीविरोधी इंजेक्शन देतात. आत्याबाईंनाही बहुधा देत असतील. २००५ साली अमेरिकेत मान्य झालेल्या अल्ब्युमिनबद्ध पॅक्लिटॅक्सेलमध्ये हे क्रेमोफोर काढून टाकले आहे. त्याचे कण सुमारे १३० नॅनोमीटरचे, वाहक म्हणून मानवी प्रथिन. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगातील तुलनात्मक चाचणीत प्रतिसादाचे प्रमाण जुन्या औषधाचे १९ टक्के तर याचे ३३ टक्के आले, आणि पांढऱ्या पेशी अत्यंत खाली जाण्याचे प्रमाण २२ वरून ९ टक्क्यांवर उतरले. परंतु हातापायांच्या नसांना होणारी तीव्र बधिरता २ टक्क्यांऐवजी १० टक्के रुग्णांत दिसली, कारण मात्रा दर चौरस मीटरला १७५ ऐवजी २६० मिलिग्रॅम दिली होती. केस तर त्यानेही जातात. दक्षिण कोरियात २००७ साली मान्य झालेले पेग-पॉलिलॅक्टिक मायसेलमधील (पॉलिमरच्या साखळ्या एकत्र येऊन बनलेल्या सूक्ष्म गोळ्यातील) पॅक्लिटॅक्सेल हेही क्रेमोफोर टाळण्याचेच काम करते, आणि त्याचे पॉलिमर खरोखर विघटनशील आहे.

आता आत्याबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. केस गेले कारण पॅक्लिटॅक्सेल विभाजन पावणाऱ्या प्रत्येक पेशीला थांबवते, केसांच्या मुळाशी अशा पेशी भरपूर असतात, आणि आजचा कोणताही कण औषधाला तेथे जाण्यापासून पूर्णपणे रोखत नाही. उपचार संपल्यावर ते बहुतेकांचे परत येतात. ‘मला का देत नाहीत’ याचे उत्तर दोन भागांत आहे. तुम्ही प्रयोगशाळेत करता तसे पीएलजीएचे कण केमोसाठी नेहमीच्या वापरात आलेले नाहीत. अल्ब्युमिनबद्ध प्रकार आपल्या देशात मिळतो, पण तो द्यायचा की नाही हे रोगाचा टप्पा, नसांची अवस्था, ॲलर्जीचा इतिहास आणि खर्च पाहून त्यांचे डॉक्टर ठरवतील, आणि त्यांना मोकळेपणाने विचारण्यात काहीच गैर नाही. नवीन काही येईल म्हणून चालू असलेला उपचार एक दिवसही लांबवू नये, हे मात्र त्यांना स्पष्ट सांगा. एखाद्या चाचणीविषयी कोणी सांगितले, तर ती भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीत आहे का ते आधी पाहा.

प्रकल्पाविषयी. सर्वप्रथम एक हिशेब मांडा. दीड चौरस मीटर शरीरपृष्ठाच्या बाईला दर चौरस मीटरला २६० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ३९० मिलिग्रॅम औषध लागेल. तुमच्या कणांत वजनाच्या ५ टक्के औषध बसत असेल, तर तिच्या शिरेत ७.८ ग्रॅम कण सोडावे लागतील. विद्यार्थी ‘८५ टक्के औषध कणांत अडकले’ असे अभिमानाने लिहितात. तो आकडा वाया न गेलेल्या औषधाचा असतो, कणाच्या क्षमतेचा नसतो. मला कणाच्या वजनात औषध किती टक्के, हा आकडा आधी पाहायचा असतो.

औषध सुटण्याचा प्रयोग डायलिसिस पिशवीत करताना नुसते औषधही वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण पिशवीची भिंतच औषधाला उशीर लावते आणि तो उशीर कणाच्या नावावर जमा होतो. बाहेरच्या द्रवात अल्ब्युमिन किंवा रक्तरस घाला. साध्या बफरमध्ये पॅक्लिटॅक्सेल विरघळतच नाही, मग ते सुटले नाही की विरघळले नाही हे कळणार कसे? औषधाविना केलेले रिकामे कण पेशींवर तपासायला विसरू नका. पॉलिमर विरघळवायला डायक्लोरोमिथेन वापरणार असाल तर त्याचा अवशेष ६०० पीपीएमच्या (दहा लाखांत ६०० भागांच्या) आत आहे हे दाखवावे लागते. जमल्यास ॲसिटोन घेऊन अवक्षेपणाची पद्धत वापरा. निर्जंतुकीकरणाचा विचार शेवटी करू नका. वाफेची उष्णता पीएलजीए सोसत नाही, गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जायचे तर कणांचा सरासरी आकार लहान असून भागत नाही, सरासरीहून बरेच मोठे असलेले थोडे कणही काढून टाकलेले असावे लागतात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली काढलेली नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे सुरुवातीलाच वाचून घ्या. प्रयोग आखून झाल्यावर ती वाचली तर बऱ्याच चाचण्या पुन्हा कराव्या लागतील.

आणि एक गोष्ट गोव्यात राहणाऱ्यांसाठी. काही वर्षांपूर्वी वेर्ण्याच्या पठारावरील एका कारखान्यात जुलै महिन्यात केलेल्या सूक्ष्मगोलांच्या ओळीने तीन बॅचेस औषध फार लवकर सोडू लागल्या. आम्ही ढवळण्याचा वेग तपासला, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल बदलले, पाण्याची परीक्षा केली, दोष सापडेना. शेवटी पॉलिमरचाच रेणुभार मोजला तेव्हा तो खरेदीच्या वेळेपेक्षा बराच उतरलेला निघाला. बरणी उणे वीस अंशांवरून काढून लगेच उघडली जात होती. पावसाळ्यातील हवेची ओल थंड भुकटीवर दवासारखी बसत होती, आणि विघटन बरणीतच सुरू झाले होते. तेव्हापासून मी पॉलिमर आले की लगेच, कोरड्या नायट्रोजनखाली, एका प्रयोगापुरत्या लहान कुप्यांत विभागून ठेवते. कुपी बाहेर काढली की न उघडता डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, खोलीच्या तापमानाला येऊ देते, उरलेले पुन्हा गोठवत नाही, आणि दर वेळी कुपी उघडल्याची तारीख व त्या दिवशीची हवेतील आर्द्रता वहीत लिहिते. लायोफिलायझरमधून (गोठवून सुकवणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या कणांची वडीही तितकीच पाणी ओढते, म्हणून तिला ट्रेहॅलोज या शर्करेची जोड द्या आणि बूच बसवण्यात एक मिनिटही घालवू नका. तुमचा प्रकल्प जूनमध्ये सुरू होतो असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा पहिल्या आठवड्यात कण करायला घेऊ नका, आधी हातातील पॉलिमरचा रेणुभार मोजून घ्या.